कर्करोगाचा नकाशा आणि धामणकर नाका

कर्करोगाचे ओझे देशभर सारखे वाटलेले नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाची २०१२ ते २०१६ या वर्षांची आकडेवारी पाहिली तर मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यातल्या पुरुषांमध्ये दर वर्षी लाखामागे २६९.४ नवे रुग्ण आढळतात, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांत फक्त ३९.५. दिल्लीचा आकडा १४७, मुंबईचा ११०च्या आसपास. मृत्यूंचे चित्रही विषमच आहे. ईशान्य भारतातल्या तीस वर्षांच्या पुरुषाला सत्तरी गाठण्याआधी कर्करोगाने मरण येण्याची शक्यता ११.२ टक्के असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. बिहार, झारखंड आणि ओडिशात ती ३ टक्क्यांहूनही कमी होती. एका प्रदेशातली माणसे दुसऱ्या प्रदेशातल्या माणसांपेक्षा या रोगाने इतकी अधिक का मरतात, याची दोन उत्तरे नेहमी पुढे येतात. एक तंबाखूचे, दुसरे हवा-पाणी, घर आणि कामाची जागा यांचे. ही दोन उत्तरे एकमेकांविरुद्ध उभी करण्याची सवय जुनी आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे. का, ते भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात स्पष्ट दिसते.

अंजुरफाट्याहून शहरात येणाऱ्या रस्त्यावर धामणकर नाका लागतो. आजूबाजूला पद्मानगर, कामतघर, नारपोली हे यंत्रमागांचे आणि दाट वस्तीचे भाग. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या विणकरांनी या गावात हातमाग आणले, विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली आणि १९८२च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर हा धंदा इथे झपाट्याने फोफावला. तेलंगणातले पद्मशाली, उत्तर प्रदेश आणि बिहारमधले कारागीर, कोकणी मुसलमान, आगरी अशी नाना तऱ्हेची वस्ती शहरात आहे. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ७ लाखांहून अधिक भरली आणि दर १,००० पुरुषांमागे स्त्रिया होत्या ७१०च्या आसपास. घरदार गावी ठेवून एकटे राहणारे पुरुष इथे किती असतील, याचा अंदाज या एका आकड्यावरून येतो. शहराच्या भोवती, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, मानकोलीच्या बाजूला, गोदामांचा पसारा वाढला आणि त्याबरोबर ट्रकांची रांगही. नाक्यावर डिझेलचा धूर, गल्लीत सुताला खळ लावणाऱ्या साइझिंगच्या बॉयलरचा धूर, कारखान्यात सुताची धूळ आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पानटपरी. कर्करोगाची जी कारणे संशोधक वेगवेगळ्या रकान्यांत मांडतात, ती इथे एकाच माणसाच्या दिवसात येऊन जातात.

दोन प्रदेशांची तुलना करण्याआधी दर कसा काढतात हे पाहिले पाहिजे, कारण निम्मी फसगत तिथेच होते. कर्करोग प्रामुख्याने उतारवयातला रोग आहे. ज्या गावात म्हातारी माणसे अधिक, तिथे कर्करोगाचे मृत्यू अधिक असणारच. केरळच्या एखाद्या तालुक्यातले मृत्यू मोजून ते भिवंडीच्या मृत्यूंशेजारी ठेवले तर भिवंडी फार निरोगी आहे असा भास होईल, कारण इथे कामाच्या वयातल्या तरुणांची गर्दी आहे. म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर निराळा काढून, सगळ्या प्रदेशांची वयरचना सारखीच असती तर काय दिसले असते याचा हिशेब करतात. याला वयानुसार समायोजित दर म्हणतात. वर दिलेले नव्या रुग्णांचे आकडे तसेच आहेत. असे समायोजन न करता केलेली कोणतीही प्रादेशिक तुलना बाजूला ठेवावी, मग ती कितीही ठळक मथळ्याखाली छापलेली असो.

दुसरी अडचण पत्त्याची. भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही मुंबईची. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने ती १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू केली. पुढे पुणे, औरंगाबाद, नागपूर इथे नोंदवह्या आल्या आणि १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. या नोंदवह्यांचा नियम असा की रुग्ण कुठल्या रुग्णालयात आला हे महत्त्वाचे नाही, तो राहतो कुठे हे महत्त्वाचे. किमान वर्षभर त्या हद्दीत राहिलेल्यालाच रहिवासी धरतात. मुंबईच्या नोंदवहीची हद्द मुलुंड-दहिसरला संपते. भिवंडीचा माणूस परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तपासला गेला तरी मुंबईच्या दरात तो मोजला जात नाही, आणि तसे करणे योग्यच आहे. पण भिवंडीत वीस वर्षे माग चालवलेला कारागीर आजारपण गळ्याशी आल्यावर आझमगडला किंवा करीमनगरला परत गेला आणि तिथे वारला, तर तो मृत्यू त्याच्या गावाच्या खात्यात पडतो. ज्या हवेत तो जगला आणि ज्या टपरीवरून त्याने तंबाखू घेतली, ते शहर हिशेबातून सुटते. स्थलांतरितांच्या शहरांचे मृत्यूदर या कारणाने नेहमी थोडे कमी दिसतात.

मृत्यूच्या कारणाची नोंद तर त्याहून विरळ. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाचे कारण डॉक्टरांनी लिहून दिलेले असते. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘मिलियन डेथ स्टडी’ या अभ्यासाने निराळा मार्ग धरला. २००१ ते २००३ या काळात देशातल्या ६,६७१ छोट्या विभागांतल्या ११ लाख घरांपर्यंत कार्यकर्ते गेले. घरात कोणी वारले असेल तर शेवटच्या आजारात काय काय झाले, गाठ कुठे होती, किती दिवस, गिळताना त्रास होत होता का, असे घरच्यांना विचारून लिहून घेतले आणि त्या टिपणांवरून डॉक्टरांनी कारण ठरवले. टाटा मेमोरियलचे राजेश दीक्षित, हीलिस संस्थेचे प्रकाश गुप्ता, टोरांटोचे प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष मांडले. २०१० साली देशात सुमारे ५ लाख ५६ हजार मृत्यू कर्करोगाने झाले आणि त्यांतले ७१ टक्के ३० ते ६९ या वयातले होते, असा त्यांचा अंदाज होता. या वयातल्या कर्करोग मृत्यूंपैकी पुरुषांत ४२ टक्के आणि स्त्रियांत १८.३ टक्के तंबाखूशी संबंधित अवयवांच्या कर्करोगाचे. तोंडाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दुप्पट होते.

या अभ्यासातली एक गोष्ट शहर-खेडे वादात सहसा कोणी सांगत नाही. पुरुषांचा मृत्यूदर खेड्यांत लाखामागे ९५.६ आणि शहरांत १०२.४ निघाला, स्त्रियांचा खेड्यांत ९६.६ आणि शहरांत ९१.२. म्हणजे शहराची हवा खराब आणि खेड्याची स्वच्छ म्हणून जेवढा फरक दिसायला हवा, तेवढा दिसला नाही. राज्याराज्यांत मात्र फार मोठा फरक होता. शिक्षणानुसारचा फरकही मोठा होता. निरक्षर पुरुषांचा दर १०६.६ आणि सर्वांत अधिक शिकलेल्यांचा ४५.७. स्त्रियांतही जवळपास हेच प्रमाण. शिक्षण हे इथे गरिबीचे, कामाच्या स्वरूपाचे, तंबाखूच्या सवयीचे आणि दवाखान्यात पोचायला लागणाऱ्या वेळाचे एकत्रित माप आहे.

तंबाखूवरचा आरोप मुळात सिद्ध झाला तो रस्त्यावरच्या धुरावरचा संशय तपासताना. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये फुप्फुसाचा कर्करोग झपाट्याने वाढत होता. मोटारींचा धूर आणि रस्त्यांवरचे डांबर हे कारण असावे असे रिचर्ड डॉल यांना सुरुवातीला वाटत होते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्यासोबत त्यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांना बारकाईने प्रश्न विचारले, तेव्हा रुग्णांना इतरांपासून वेगळे करणारी गोष्ट निघाली सिगारेट. १९५० साली हा निबंध प्रसिद्ध झाला. पण मुंबईत या विषयाला त्याआधीच हात घातला गेला होता. टाटा मेमोरियलचे व्ही. आर. खानोलकर हे १९४०च्या दशकापासून तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण समाजानुसार, सवयीनुसार आणि अवयवानुसार लावून पाहत होते. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा घसा-तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. विडी ओढणाऱ्याला जिभेच्या मागच्या भागाचा आणि घशाचा कर्करोग अधिक, तंबाखू चघळणाऱ्याला गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरडीचा. धूर जिथे आदळतो आणि तंबाखू जिथे मुरते, तिथेच रोग धरतो. भारतातल्या प्रादेशिक फरकांची किल्ली या एका निरीक्षणात आहे, आणि मराठी वाचकांना खानोलकरांचे नाव आज फारसे ठाऊक नसावे हे खेदाचे आहे.

विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज अजून टिकून आहे. तिच्यात तंबाखू कमी असते हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा जवळजवळ आत जात नाही, विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि जोरात घ्यावे लागतात, आणि त्यामुळे डांबर व कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जाते. प्रकाश गुप्ता आणि मंगेश पेडणेकर यांनी मुंबईत १९९१ पासून जवळपास दीड लाख लोकांची नोंद करून त्यांच्या मृत्यूंचा माग ठेवला. त्यात विडी ओढणाऱ्यांची मृत्यूची जोखीम सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी निघाली नाही, उलट जास्त निघाली. प्रभात झा आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या देशव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे १० वर्षांनी घटलेले दिसले. सिगारेटवाल्यांचे नुकसान इथे अधिक दिसते, तरी सहा वर्षे ही काही सौम्य गोष्ट नाही.

आता महाराष्ट्राचे वैशिष्ट्य. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के. देशाची सरासरी १०.७ टक्के, मिझोरमची ३४.४. एवढेच पाहिले तर महाराष्ट्राने निश्चिंत राहावे. पण याच सर्वेक्षणात कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे महाराष्ट्रात २६.६ टक्के निघाले आणि त्यांतले बहुतेक सगळे धूरविरहित तंबाखू घेणारे. हातावर मळलेली तंबाखू-चुन्याची चिमूट, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा आणि बायकांची मशेरी. ऐझॉलचे पुरुष ओढतात, महाराष्ट्रातले चघळतात. म्हणून ‘धूम्रपान आणि कर्करोग’ असा मथळा घेऊन पाश्चात्त्य देशांतले निष्कर्ष इथे लावले तर महाराष्ट्रातला निम्म्याहून अधिक प्रश्न हातातून निसटतो. धूम्रपानाचा दर कमी असलेल्या राज्यात तोंडाचा कर्करोग पुरुषांत आघाडीवर का, याचे उत्तर इथे आहे. सुपारीही निर्दोष नाही. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे.

आणि इथेच राहण्याच्या आणि कामाच्या जागेचा प्रश्न पुन्हा समोर येतो. यंत्रमागाच्या कारखान्यात विडी पेटवता येत नाही. हवेत सुताची धूळ, जमिनीवर तंतूंचा थर, एक ठिणगी पुरते. मुंबईच्या गिरण्यांतही हीच स्थिती होती आणि गिरणी कामगार तंबाखूचा बार भरूनच पाळी काढत. भिवंडीत पाळी बारा तासांची, मजुरी कापडाच्या मीटरवर, एका माणसाकडे अनेक माग. कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात जागे राहायचे, भूक मारायची, हात मोकळे ठेवायचे. गालात दाबून ठेवलेली तंबाखू या साऱ्या गरजा भागवते. पाळी सुटली की नाक्यावर चहा आणि विडी. व्यसन हा माणसाचा खासगी दोष समजला जातो, पण कोणते व्यसन, किती तास आणि तोंडाच्या कोणत्या कोपऱ्यात, हे पुष्कळदा कामाची जागा ठरवते. तंबाखू आणि परिसर हे दोन रकाने इथे एकमेकांत मिसळतात, आणि त्यांना सुटे करून ‘दोष कोणाचा’ असे विचारणाऱ्याने आधी एक रात्रपाळी पाहायला हवी.

एकाच हवेत राहून सवयी निराळ्या असतील तर काय होते, याचे उदाहरण मुंबईतल्या पारशी समाजाचे. अग्नी पवित्र मानणाऱ्या या समाजात धूम्रपान निषिद्ध. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवहीतले आकडे समाजानुसार वेगळे काढले, तेव्हा पारशांत तंबाखूशी जोडलेले कर्करोग इतर मुंबईकरांहून पुष्कळच कमी दिसले. स्तनाचा कर्करोग मात्र अधिक होता. उशिरा लग्न, कमी मुले, दीर्घ आयुष्य अशी त्याची कारणे दिली जातात. शहर एक, धूर एक, पण कर्करोगाचे स्वरूप वेगळे. हवा निर्णायक असती तर हे झाले नसते.

तरीही हवा निर्दोष ठरत नाही. डिझेल इंजिनाचा धूर २०१२ साली आणि घराबाहेरचे एकूण वायुप्रदूषण २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने सुमारे ५ लाख प्रौढांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. त्यावर आधारलेल्या २००२च्या अभ्यासात सूक्ष्म धूलिकण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढतात असे दिसले. सिगारेट ओढणाऱ्याची जोखीम न ओढणाऱ्याच्या दहा ते वीस पट असते. त्यामुळे आठ टक्के ही वाढ क्षुल्लक वाटेल. पण सिगारेट काहीजण ओढतात, हवा सगळे घेतात, पाळण्यातल्या मुलापासून. भारताच्या मानकानुसार सूक्ष्म धूलिकणांची वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली मर्यादा ५ वर आणली. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे मान्यताप्राप्त जोखीम, आणि नाक्यावर दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस, रिक्षावाला, टपरीवाला तिचा मोठा हिस्सा घेतो.

भिवंडीत ट्रकांच्या धुराला साइझिंग आणि डाइंगच्या बॉयलरांची जोड आहे. ताण्याच्या सुताला खळ लावण्यासाठी आणि कापड रंगवण्यासाठी वाफ लागते. त्यासाठी कोळसा आणि लाकूड जळते, आणि चिंध्या व प्लास्टिकचा कचराही जाळला जात असल्याच्या रहिवाशांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. लाकूड-कोळशाच्या अर्धवट ज्वलनातून बेंझोपायरिनसारखी संयुगे निघतात, तीच जी सिगारेटच्या धुरातही असतात. क्लोरीन असलेले प्लास्टिक कमी तापमानात जळले की डायॉक्सिन तयार होतात. रंगांचा धोका निराळा. बेंझिडीनपासून बनणाऱ्या काही ॲझो रंगांनी मूत्राशयाचा कर्करोग होतो, म्हणून भारताने १९९०च्या दशकात असे अनेक रंग बंद केले. मूत्राशयाच्या कर्करोगाचे आणखी एक मोठे कारण धूम्रपान. रंगखात्यातला विडी ओढणारा कामगार दोन्ही बाजूंनी सापडतो.

सुताच्या धुळीबद्दलचे ज्ञान मात्र गुंतागुंतीचे आहे. तिने बिसिनोसिस हा श्वास कोंडणारा आजार होतो, हे निर्विवाद. कर्करोगाचे काय? पी. एन. नोटाणी आणि सहकाऱ्यांनी मुंबईत केलेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कापड कामगारांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम सुमारे दुप्पट दिसली. उलट शांघायच्या लाखो स्त्री-कापडकामगारांच्या पाहणीत कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्यांना हा कर्करोग कमी झालेला आढळला. कच्च्या कापसावरच्या जिवाणूंचे अंतर्विष शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी ठेवते, असे त्यावर एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून ‘धूळ म्हणजे कॅन्सर’ असे भिवंडीबद्दल ठोकून देणे बरोबर नाही. मागावरच्या माणसाला बिसिनोसिसपासून वाचवण्यासाठी वायुविजन हवेच, पण त्याच्या कर्करोगाचे कारण शोधताना धुळीपेक्षा तंबाखू आणि धूर यांच्याकडे आधी पाहावे लागते.

परिसर एकट्याच्या बळावर किती मोठा फरक पाडू शकतो, हे चीनच्या युन्नान प्रांतातल्या शुआनवेई परगण्याने दाखवले. तिथल्या स्त्रिया जवळजवळ धूम्रपान करत नसत, पुरुष करत. तरी दोघांचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा मृत्यूदर जवळपास सारखा आणि देशात सर्वांत वरच्या पायरीवर. कारण घरात होते. बिनधुराड्याच्या चुलीत धुरकट कोळसा जळत असे. पुढे अनेक घरांत धुराडी बसवली गेली आणि त्या घरांतल्या माणसांमध्ये हा कर्करोग ४० टक्क्यांहून अधिक घटला. भारतात घरात जळतो तो बहुधा लाकूडफाटा आणि शेण्या. लाकडाच्या धुराबद्दलचा पुरावा कोळशाइतका पक्का नाही, पण तो संभाव्य कर्करोगकारक म्हणून नोंदला गेला आहे. खिडकी नसलेल्या खोलीत, जिथे स्वयंपाक, झोप आणि नवऱ्याची विडी एकत्र नांदतात, तिथे स्त्रीच्या फुप्फुसाला दोन्ही धूर मिळतात.

दोन धूर एकत्र आले की बेरीज होते की गुणाकार? पर्सी स्टॉक्स आणि कॅम्पबेल यांनी १९५५ साली लिव्हरपूल शहर आणि उत्तर वेल्सचा ग्रामीण भाग यांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्यूंची तुलना केली. सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये शहर आणि खेडे यांतला फरक फार मोठा होता, आणि जसजसे ओढण्याचे प्रमाण वाढत गेले तसतसा तो पुसट होत गेला. अति धूम्रपानापुढे शहराच्या धुराची भर दिसेनाशी होते. ॲस्बेस्टॉसची गोष्ट याहून भयंकर. हॅमंड आणि सेलिकॉफ यांच्या १९७९च्या निष्कर्षांत ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्या पण धूम्रपान न करणाऱ्यांची जोखीम सुमारे ५ पट, नुसते धूम्रपान करणाऱ्यांची ११ पट आणि दोन्ही असणाऱ्यांची ५३ पट होती. म्हणून ‘इतके टक्के तंबाखूमुळे, इतके हवेमुळे’ अशी वाटणी शंभरात बसत नाही. एकच मृत्यू दोन कारणांच्या खात्यात खरेपणाने लिहिता येतो आणि दोहोंपैकी एक टळले असते तरी तो टळला असता. टाटा मेमोरियलमधल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४८९ रुग्णांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांनी कधीच धूम्रपान केले नव्हते. एका रुग्णालयातले हे प्रमाण सगळ्या देशाला लावता येत नाही, पण न ओढणाऱ्याला फुप्फुसाचा कर्करोग होत नाही हा समज त्याने मोडतो.

प्रदेशाच्या सरासरीवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याचा धोकाही याच जागी आहे. एखाद्या जिल्ह्यात कारखाने जास्त आणि कर्करोगही जास्त, एवढ्यावरून कारखान्यांनी कर्करोग केला असे ठरत नाही. ज्यांना कर्करोग झाला तीच माणसे त्या धुरात होती का, ती ओढत होती का, किती वर्षे, हे माणसागणिक कळल्याशिवाय उत्तर मिळत नाही. शिवाय कारण आणि मृत्यू यांत वीस-तीस वर्षांचे अंतर असते. आज नोंदलेला मृत्यू १९९०च्या दशकातल्या विडीचा आणि त्या काळच्या धुराचा असतो.

मृत्यूदर ठरवणारी तिसरी बाब म्हणजे रोग कधी सापडला. उस्मानाबाद जिल्ह्यात रुग्ण कमी होते, पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरणाऱ्या बायका पुष्कळ. हा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. तिथल्या ५२ ग्रामसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, एकदाच केलेल्या विषाणू तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ साली दिसले. तोंडाचा कर्करोग तर आरशात दिसणारा रोग. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे ही त्याची आधीची चिन्हे. केरळातल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते तोंड तपासून तंबाखू-दारू घेणाऱ्यांतले मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी केले. भिवंडीहून परळ सुमारे ४० किलोमीटर. पण मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून तो गाठ दुखायला लागेपर्यंत थांबतो. त्या थांबण्याने मृत्यूदर वाढतो, आणि आकड्यात ते तंबाखू किंवा हवेच्या नावावर जाते.

कायद्याने काही प्रमाणात काम केले आहे. २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा, २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई, २०१२ साली महाराष्ट्रातली गुटखाबंदी, २०२० साली सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी. राज्यातले तंबाखूसेवन २००९-१० मधल्या ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ वर आले. गुटख्याच्या पुड्या चोरून मिळतात हे कोणीही सांगेल, तरी जवळपास पाच टक्केबिंदूंची ही घट खरी आहे आणि तिचा परिणाम मृत्यूंमध्ये दिसायला आणखी एक पिढी जावी लागेल. हवेच्या बाबतीत बॉयलरचे इंधन तपासणे आणि अवजड वाहनांना शहराबाहेरून नेणे हे उपाय जागच्या जागी करता येण्याजोगे आहेत, आणि त्यांचा फायदा न ओढणाऱ्या बायका-मुलांना आधी मिळतो.

भिवंडीचा स्वतःचा दर कळायचा असेल तर पाच गोष्टी एकाच कागदावर याव्या लागतील. रुग्ण इथे किती वर्षे राहिला, कोणत्या खात्यात काम केले, तंबाखू कोणत्या रूपात आणि किती वर्षे घेतली, घरात काय जळत होते, आणि पहिले लक्षण दिसल्यापासून तपासणीपर्यंत किती महिने गेले. बार्शीच्या नोंदवहीचे कार्यकर्ते १९८७ पासून गावोगाव फिरून लोकांना रोगाची चिन्हे सांगत आणि रुग्णांच्या नोंदी घेत आले आहेत. बार्शीत मोठे रुग्णालय होते, पण काम झाले ते या फिरण्याने. पद्मानगर, कामतघर आणि नारपोलीच्या गल्ल्यांत माणसे त्याहून दाटीने राहतात, आणि मागांच्या मालकांकडे हजेरीपट असतातच.